पौर्णिमेच्या चिंबोऱ्या

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना सांगितली आहे, लग्नाच्या मांडवात सांगितली आहे, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तर दर महिन्याला कुणीतरी नवीन माणूस आला की सांगावीच लागते. "जगू, ती चिंबोऱ्यांची सांग." की मी सुरू. हात हलवत, आवाज बदलत, जिथे हसू यायला पाहिजे तिथे थांबत. लोक पोट धरून हसतात आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारतात.

फक्त एक आहे. जशी घडली तशी ती मी एकदाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही. आज तुम्हाला सांगायची ठरवली आहे आणि गंमत बघा — सांगायच्या आधीच माझी छाती धडधडते आहे. भीतीने म्हणू? भीती आहेच. पण खोटं कशाला बोलू, आनंदही होतो आहे. इतकी वर्षं पोटात दाबलेलं काहीतरी बाहेर यायला निघालं आहे आणि मला ते कसं सांगू नि कसं नको असं झालं आहे.

तर थांबा, नीट सांगतो.

आमचं गाव खाडीकाठचं. गावाच्या पलीकडे बांधाला लागून रसायनांची कंपनी आहे. तिथे मी आणि बाळाराम एकाच पाळीत कामाला होतो. बाळाराम म्हणजे आमच्या आळीतला, माझ्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून मी त्याला बाळादादा म्हणतो. कारखान्याचं घाण पाणी टाक्यांत घ्यायचं, साफ करायचं आणि मगच खाडीत सोडायचं, हे आमच्या विभागाचं काम. बाळादादा कायम नोकरीत होता. मी कंत्राटी. बाळादादा कमी बोलायचा, मी जास्त. त्यानेच मला तिथे चिकटवलं होतं, हेही सांगून टाकतो, नाहीतर पुढे राहून जाईल.

त्या वर्षी होळीच्या पौर्णिमेला आम्ही दिवसपाळीत होतो. पाणी साफ करणारी यंत्रणा बंद पडून बरेच दिवस झाले होते. दुरुस्तीचा माणूस येतो येतो म्हणत येत नव्हता आणि टाकी काठोकाठ भरली होती. उत्पादन थांबवायला कुणी तयार नव्हतं. सकाळी प्लांटचे साहेब आले. बाहेरचे होते, त्यांना खाडीतलं काही कळत नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ओहोटी कधी लागणार?

आणि मी सांगितलं. हो, मी! पटकन सांगितलं, साहेबाने आपल्याला काही विचारलं म्हणून खूश होऊन सांगितलं. म्हटलं, आज पौर्णिमा, बारापर्यंत खाडी तुडुंब, एकच्या पुढे पाणी उतरायला लागेल. ते का विचारत होते ते मला कळलं नसेल का? कळलं होतं. सणाचा दिवस, होड्या काठाला, माणसं होळी रचण्यात गुंतलेली. ओहोटीबरोबर घाण पाणी सोडलं की संध्याकाळपर्यंत ते समुद्रात, कुणाला वास नाही नि पत्ता नाही. मला सगळं कळलं होतं.

साहेबांनी बाळादादाला वॉल्व उघडायला सांगितलं. तो म्हणाला, "न्हाय साहेब. ह्ये पानी साफ न्हाय. मी न्हाय सोडनार."

साहेबांनी आवाज चढवला. नोकरी जाईल म्हणाले. बाळादादाने डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. तोच आवाज, तेच वाक्य. मग साहेबांनी सिक्युरिटीला बोलावून त्याला गेटबाहेर काढलं आणि दुसऱ्या प्लांटचा एक माणूस आणून वॉल्व उघडून घेतला. मी तिथेच होतो. हात लावला नाही मी — आणि तोंडही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी बांधाच्या कडेला बोयटं नि कोळंबी मरून पडली होती. गावात ओरड झाली, नंतर विरली.

आता बघा हं, इथे कायद्याची गंमत आहे. त्या वेळी मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, नंतर वकील मॅडमनी समजावलं. कंपनीच्या नियमांत लिहिलेलं असतं की वरिष्ठाचा हुकूम मोडणं हे गैरवर्तन. पण कसला हुकूम? कायदेशीर आणि रास्त हुकूम. बेकायदेशीर काम करायला सांगितलं आणि माणूस नाही म्हणाला, तर तो आज्ञाभंग होतच नाही. त्याला त्यासाठी काढताच येत नाही! साहेब या बाबतीत पक्के होते. म्हणून त्यांनी बाळादादावर हुकूम मोडल्याचा आरोप ठेवलाच नाही. ठेवला असता तर कुणीतरी विचारलं असतं, हुकूम होता तरी कसला? त्यापेक्षा सोपं म्हणजे, बाळाराम काम सोडून पाळीच्या मध्येच निघून गेला, पाणी आपोआप वाहून गेलं, खाडीतली मासळी मेली ती त्याच्यामुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि असल्या आरोपाला साक्षीदार लागतो.

साक्षीदार कोण, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत, चहा दिला. म्हणाले, पाळीत तुम्ही दोघं होता. चौकशीत एक जाईल नाहीतर दोघं जातील, तू ठरव. आणि तू कंत्राटी आहेस, तुला कायम करायचं माझ्या मनात आहे. माझी पाचावर धारण बसली आणि त्याच वेळी कायम या शब्दाने आतून गुदगुल्याही झाल्या. दोन्ही एकदम होतं का माणसाला? मला झालं.

चौकशी कंपनीच्याच वातानुकूलित खोलीत. चौकशी अधिकारी मुंबईहून आलेले एक वकील, स्वभावाने बरे वाटले. समोर बाळादादा, धुतलेला शर्ट घालून. मला फक्त एवढंच पढवलं होतं — दुपारी एकच्या सुमारास बाळाराम जागेवर नव्हता. एवढं बोलून गप्प बसायचं. मी बोललो. पण अधिकाऱ्यांनी एक जास्तीचा प्रश्न विचारला. मग तो कुठे गेला होता, तुम्ही पाहिलं का?

आता माझा स्वभाव. माझी आई म्हणते, जगूला मीठ मागितलं तर मिठागर दाखवून आणतो. एकदा सांगायला लागलो की मला थांबता येत नाही. मी म्हणालो, पाहिलं ना साहेब! बांधाच्या खाली चिखलात उतरला होता. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढत होता. बिळात आकडी घालून — आणि मी खोलीतल्या त्या गुळगुळीत टेबलावर हात घालून दाखवलं — अशी आकडी घातली, अशी फिरवली, ही मोठी चिंबोरी ओढून काढली, टोपलीत टाकली. गुडघ्यापर्यंत चिखल होता म्हणालो. टाइप करणारी मुलगीसुद्धा ऐकत राहिली.

हे मी कुठून आणलं? तेच तर तुम्हाला सांगायचं आहे. मी ते पाहिलंच होतं! होळीच्या आधीच्या आठवड्यात, भांगाच्या दिवसात, म्हणजे खाडीला पाणी कमी चढतं तेव्हा, दुपारची ओहोटी होती, बाळादादाची सुट्टी होती. तो तसाच चिखलात उतरला होता आणि मी बांधावर बसून गप्पा मारत होतो. संध्याकाळी त्याच्या घरी सुमनवैनीने त्याच चिंबोऱ्यांचं कालवण केलं आणि मी तिथेच जेवलो. नांग्या फोडून वैनीने माझ्याच ताटात वाढल्या होत्या. तो दिवस मी उचलला आणि होळीच्या दिवशी नेऊन ठेवला. खोटं बोलायला मला नवीन काही सुचेना, म्हणून मी त्याच्या घरचं खरं वापरलं.

मी बोलत असताना बाळादादाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि — हसला. मोठ्याने नाही, नुसता ओठांत. मला वाटलं, थुंकला असता तर परवडलं असतं.

त्याची नोकरी गेली आणि मी कायम झालो.

पुढची वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगतो, कारण ती त्याची आहेत, माझी नव्हेत. त्याने कामगार कोर्टात दावा लावला आणि पोटासाठी न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात रोजावर जायला लागला. तिथे साखळी आवळताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुमनवैनी मासळी घेऊन अलिबागच्या बाजारात बसायला लागली. गावाने मला वाळीतच टाकलं असतं, पण बाळादादाने होऊ दिलं नाही. लोकांना म्हणायचा, जगूला काय बोलू नका. रस्त्यात भेटला की थांबायचा, पोरांची चौकशी करायचा. सणाला त्याच्या घरून माझ्या घरी ताट यायचं! मला कळायचं नाही. हा माणूस देव आहे की काय? खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

मग एकदाची कोर्टात माझी पाळी आली. कंपनीचा साक्षीदार म्हणून चौकशीतलं तेच मी शपथेवर पुन्हा सांगितलं. बाळादादाच्या वकील मॅडम पेणच्या, तरुण, बारीक अंगाच्या, आवाज एकदम शांत. मागच्या बाकांवर गावातली माणसं. मॅडमनी विचारलं, तो दिवस होळीचा होता ना? हो. म्हणजे पौर्णिमा? हो. दुपारी एकला खाडीत भरती होती का ओहोटी, सांगता येईल? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं, येईल की. तर न्यायाधीश साहेबांनी मान वर केली. म्हणाले, इतक्या वर्षांपूर्वीची भरती तुम्हाला कशी सांगता येते?

झालं! न्यायाधीशाने मला विचारलं. मला! मी फुललो. पुढे झुकून समजावायला लागलो. साहेब, सोपं आहे. तिथी घ्यायची, तिचा पाऊण हिस्सा काढायचा, तितके वाजले की भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणजे अकरा वाजून गेले, धरा बारा. आणि पौर्णिमेचं उधाण, साधीसुधी भरती नाही, पाणी बांधाला लागतं, माणूस उभा राहिला तर बुडेल इतकं. ओहोटी लागली तरी एकला काय उतरणार! न्यायाधीश साहेब हसून म्हणाले, छान. मी मागे वळून गावच्या लोकांकडे बघितलं, बघा म्हटलं, कसं सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "मग चिखल कुठे होता?"

तुम्ही हसाल. मागे कुणीतरी हसलंच. आणि मला खरंच — शपथेवर सांगतो — त्या क्षणापर्यंत, त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. ज्या बांधाखाली मी बाळादादाला गुडघाभर चिखलात उभा केला होता, तिथे त्या वेळी पुरुषभर पाणी होतं. त्या दिवशी सकाळी मीच साहेबांना ते सांगितलं होतं आणि दीड महिन्याने चौकशीत मीच ते विसरलो होतो. मॅडम थांबल्या नाहीत. पौर्णिमेला चिंबोरी कशी असते हो? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, पोकळ. अमावस्येला भरलेली, पौर्णिमेला नुसतं कवच, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग पौर्णिमेला कोण काढायला जातं? कुणी नाही, मी म्हणालो. आता मागची सगळी रांग हसत होती आणि शिपाई त्यांना गप्प करत होता.

न्यायाधीशांचं हसू गेलं. त्यांनी मला शपथेवर खोटं बोलल्याचा परिणाम काय होतो ते समजावलं. मी सगळं ओकलो. साहेब, वॉल्व, हुकूम, गेटबाहेर काढणं, केबिनमधला चहा. पटापट, श्वास न घेता. लोकांना वाटलं मला कंठ फुटला. अहो, कसला कंठ! आधी साहेबांची भीती होती, आता न्यायाधीशांची. भीतीने मालक बदलला होता एवढंच.

बाळादादा जिंकला. बडतर्फी रद्द, मागच्या पगारासह परत कामावर. निकालात स्पष्ट होतं की बेकायदेशीर काम करायला नकार दिला म्हणून त्याला खोट्या कारणाखाली काढलं आणि असा नकार हा गुन्हा नव्हे. काय दिवस होता तो! गावात बँजो लावला होता. मी घराची कडी लावून बसलो होतो, आज मार खायचा म्हणून. दार वाजलं. उघडलं तर बाळादादा, मागे सगळी आळी. त्याने मला उचललंच. तीन बोटांच्या त्या हाताने माझा दंड धरला आणि लोकांना ओरडून सांगितलं की ह्या जगूने मला वाचवलं.

कारण त्याला वाटत होतं — पहिल्या दिवसापासून, चौकशीच्या खोलीतल्या त्या हसण्यापासून — त्याला वाटत होतं की मी मुद्दाम केलं. साहेबाने पोराला कोंडीत धरलंय, पोरगा नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याने असं खोटं सांगितलं की जे कुठल्याही दिवशी एका प्रश्नात फुटेल. मुंबईच्या वकिलाला कळणार नाही, आपल्याला कळेल. चौकशीत ते फोडलं तर साहेब पोरालाही काढतील, म्हणून त्याने ते कोर्टासाठी राखून ठेवलं होतं. खाडीकाठचा माणूस पौर्णिमेच्या दुपारी चिखल आणि चिंबोऱ्या सांगतो, तर ते चुकून कसं असेल? मॅडमना त्यानेच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. वर म्हणाला होता, जगू आत आहे तोवर माझी केस मेलेली नाही. यार्डात बोटं गेली तेव्हासुद्धा, वैनी सांगते, दवाखान्यात तो हेच बोलत होता.

आणि गाव? गावाने कोर्टातली माझी ती बडबड पाहिली होती. भरतीचा हिशेब न्यायाधीशाला इतका रंगवून कोण सांगेल, ज्याला आपलंच खोटं पाडायचं आहे तोच ना? काय नट आहे जगू, म्हणाले. मला नारळ दिला, शाल दिली. आयत्या बिळावर नागोबा. कंपनीही मला हात लावू शकली नाही, कारण मॅडमनी आधीच कळवून ठेवलं होतं की खरी साक्ष दिली म्हणून याला काढाल तर तेही बेकायदेशीर ठरेल. बाळादादाने 'नाही' म्हणून जे कवच मिळवलं, त्याच्यात मीही शिरून बसलो.

त्या दिवशी दारात मी काही बोललो नव्हतो. नुसता रडलो, लोकांनी त्याचा हवा तो अर्थ घेतला. पण गेल्या होळीला, गावच्या मैदानात, बाळादादाने पहिला नारळ होळीत टाकायचा मान मला दिला. तो मान आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा. नारळ टाकून मागे आलो तर तो मला बाजूला घेऊन उभा राहिला. चेहऱ्यावर होळीच्या जाळाची लाली. लहान मुलासारखा उत्सुक. म्हणाला, "खरा सांग जगू. तुना तवाच सुचला व्हता ना?"

दुसरं कुणी नव्हतं जवळ. त्याने स्वतः विचारलं होतं. मी नाही म्हणालो असतो तर त्याने काय केलं असतं? मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही.

मी म्हणालो, "व्हय दादा. तुज्या तोंडाकं बगला नि सुचला."

बघा, त्यातही मीठ घातलंच. तुझ्या तोंडाकडे बघितलं, म्हणालो. त्याचे डोळे भरून आले. मला वाटत होतं तसंच आहे, म्हणाला, आणि मला छातीशी धरून उभा राहिला.

चौकशीतलं खोटं साहेबांनी बोलायला लावलं, असं मी स्वतःला सांगत आलो. तो हुकूम बेकायदेशीर होता आणि मी तो मानला, बाळादादाने मानला नाही, एवढाच आमच्यात फरक. पण होळीपाशी मला कुणी हुकूम दिला नव्हता. कुणी चहा पाजून धमकावलं नव्हतं, माझी नोकरी जाणार नव्हती. तिथे मी खोटं बोललो, कारण मला ते आवडलं.